अंगठ्यावरचा भार

मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात ल्युईस फिंच कामाला आहे. पट्ट्यावरून आलेला सामन मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, मुंडकं उडवायचं, धड पलीकडे फेकायचं. तोवर पुढचा मासा आलेला असतो. कंट्रोलरची उजवी स्टिक हे काम करते. काही वेळाने पडद्यावर एक छोटंसं चित्र उमटतं. ल्युईसच्या मनातलं ते राज्य. डाव्या स्टिकने त्यातल्या इवल्याशा माणसाला चालवायचं. आता दोन अंगठे दोन जगांत असतात. मनातलं राज्य पसरत जातं, त्यात रस्ते येतात, गलबतं येतात, गावं येतात, आणि बघता बघता कारखाना त्याच्याआड झाकला जातो. उजवा अंगठा मात्र थांबत नाही. ओढ, काप, फेक. त्या राज्यात शेवटी ल्युईसला मुकुट मिळायचा असतो आणि त्यासाठी त्याने मान झुकवायची असते. खरी मान कोणत्या पात्याखाली झुकणार हे एव्हाना आपल्याला कळलेलं असतं, आणि तरीही त्याला तिथवर चालवत नेणारे अंगठे आपलेच असतात.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' या २०१७ सालच्या गेममधला हा प्रसंग. त्यात हरता येत नाही. मासा हुकला तर तो पुन्हा ओढायचा, इतकंच. सगळा गेम दोनेक तासांत संपतो. २०१८ साली त्याला ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, तोही वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम म्हणून. अशा गेमना गेमर मंडळींनी 'वॉकिंग सिम्युलेटर' असं नाव ठेवलं होतं, आणि ते हिणवण्यासाठीच होतं. नुसतं चालायचं, बघायचं, ऐकायचं. यात आव्हान कुठे आहे? आणि आव्हान नसेल तर याला गेम का म्हणायचं, लघुपट का नाही?

हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. विचारणाऱ्यांची चेष्टा करून तो मिटणारही नाही. पण त्याचं जे उत्तर सहसा दिलं जातं, म्हणजे काहींना आव्हान आवडतं, काहींना गोष्ट आवडते, ज्याने त्याने आपापलं निवडावं, ते मला पळवाट वाटतं. आवडीनिवडीपलीकडे इथे बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

अवघडपणा हा गेमचा जन्मजात गुण आहे असं आपण धरून चालतो. खरं तर त्यात गल्ल्याचा वाटा मोठा होता. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्यातले परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने अंगावर येतात. हे आधी ठरवलेलं नव्हतं. पडद्यावरची चित्रं कमी झाली की त्या काळातला प्रोसेसर उरलेली चित्रं भराभर काढू लागे. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं, आणि खेळ चढत जायला हवा ही रीत त्यातून रुजली. मशीन नाण्यावर चालायचं. खेळणारा जितक्या लवकर मरेल तितक्या लवकर दुसरं नाणं पडेल. पुढे गेम घरात आले तेव्हा नाणं गेलं, पण कॅसेटमध्ये मावणारा मजकूर एवढासा असे. तो महिनोन्‌महिने पुरवायचा तर पुन:पुन्हा मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नव्वदच्या दशकात आमच्या बिल्डिंगमध्ये अशा घरगुती मशीनची नक्कल आली. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची हे शास्त्र प्रत्येकाला येत होतं. 'कॉन्ट्रा'त तीन लाइफ आणि आठ लेव्हल. धबधब्याची लेव्हल चौथ्या मजल्यावरच्या एकालाच पार करता यायची, म्हणून त्याला जेवणावरून उठवून आणलं जायचं. कॉन्ट्राची गोष्ट काय आहे हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कधी अडलं नाही. म्हणजे गोष्टीशिवाय गेम उत्तम चालतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून मान्य करतो.

त्याच १९७८ साली बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचं 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक आलं. खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे राजीखुशीने पत्करून ते ओलांडू पाहणं, असं त्याने मांडलं. गोल्फचा चेंडू हातात घेऊन चालत जाऊन भोकात टाकणं सर्वांत सोपं, पण तसं कुणी करत नाही. आपल्याला याचं उदाहरण गोल्फच्या मैदानावर शोधायला नको. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळण्याची मुभा नसते. नुसतं पकडायचंच असतं तर वळून पकडणं किती सोपं झालं असतं! पण तो नियम काढा आणि खो-खोच उरत नाही. आव्हानाच्या बाजूने यापेक्षा भक्कम युक्तिवाद मला माहीत नाही, आणि मी बराचसा त्याच्याशी सहमत आहे.

बराचसा, कारण सापशिडी मधे येते. तिचा जुना अवतार मोक्षपट. परंपरेने त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि सगळं दानावर. त्यात कौशल्य शून्य. कितीही वर्षं खेळलात तरी तुम्ही सापशिडीत तरबेज होत नाही. तरीही अठ्ठ्याण्णववरून साप गिळतो तेव्हा पोरगं खरंखुरं रडतं. सोंगटी त्याची होती, दान त्याने टाकलं होतं, घरं त्याने बोटाने मोजली होती. कौशल्याची कसोटी लागली नाही, पण हात गुंतला होता.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. आव्हान आणि गोष्ट ही जोडीच चुकीची लावली गेली आहे. गेमला लागतो तो भार. आपण जे बटण दाबतो, जे पाऊल टाकतो, त्याचं काहीतरी वजन अंगठ्यावर जाणवायला हवं. अवघडपणा हा तो भार आणण्याचा एक मार्ग झाला, सर्वांत जुना आणि सर्वांत ओळखीचा. तो एकमेव नाही. आणि भार नसेल तर गोष्ट कितीही सुंदर असो, ती गेममध्ये पाहुण्यासारखी येऊन बसते.

अवघडपणाची बाजू मी कमी लेखत नाही. 'डार्क सोल्स' हा हिदेताका मियाझाकी यांचा २०११ चा गेम मी दोनदा अर्धवट टाकला आणि तिसऱ्या वेळी पुरा केला. त्यात मेलात की जमवलेलं धन मेल्या जागी पडतं. ते परत आणायला त्याच वाटेने, पुन्हा जिवंत झालेल्या त्याच शत्रूंमधून जावं लागतं, आणि वाटेत पुन्हा मेलात की ते कायमचं गेलं. या गेमची गोष्ट कुणी सांगत नाही. एखाद्या अंगठीच्या, गंजलेल्या तलवारीच्या वर्णनात दोन ओळी सापडतात, त्या आपण जोडायच्या. लहानपणी मियाझाकी आपल्याला पुरती न कळणारी इंग्रजी पुस्तकं वाचत आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरून काढत, असं त्यांनी सांगितलेलं आहे. शाळकरी वयात ग्रंथालयातून इंग्रजी कादंबरी आणून निम्म्या शब्दांवरून उड्या मारत वाचलेल्या कुणालाही हे समजेल. डार्क सोल्सचं जग विझत चाललेलं आहे, तिथे सगळे थकलेले आहेत, काहींनी हार मानली आहे. तिसाव्यांदा मरून शेकोटीपाशी परत आलेला खेळणारा हेच सगळं स्वतःच्या अंगाने अनुभवत असतो. तिथे अवघडपणा हीच गोष्ट आहे. तो गेम सोपा केला तर नुसता सोपा होणार नाही, वेगळा होईल, हे त्याच्या चाहत्यांचं म्हणणं मला पटतं.

पण त्यावरून 'जे अवघड ते खरं' असा नियम काढला जातो तिथे मी थांबतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला 'गॉन होम' खेळायचा होता. तिने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, कंट्रोलर मात्र कधी हातात धरलेला नव्हता. मी त्या गेमबद्दल जेवताना बोललो होतो आणि तिला ते घर पाहायचं होतं. २०१३ सालचा हा गेम. जून १९९५, अमेरिकेतल्या ऑरेगनमधलं एक मोठं घर, बाहेर वादळ. थोरली मुलगी केटी वर्षभर युरोपात फिरून मध्यरात्री घरी येते तर घरात कुणी नाही. दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी, मला शोधू नकोस अशी. बस्स. मग खोलीमागून खोली फिरायची, कप्पे उघडायचे, कागद वाचायचे. कुणी अंगावर येत नाही, मरता येत नाही. आव्हान नाही म्हणून ज्या गेमवर सर्वांत जास्त टीका झाली त्यांतला हा एक.

पहिली वीस मिनिटं आई छताकडे बघत होती. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची, हे दोन्ही एकदम तिला जमेना. ती भिंतीला टेकून उभी राही, मग पायाकडे बघे, मग पुन्हा छताकडे. दारातून आत जायला तिला चार खेपा लागत. 'यात आव्हान नाही' हे वाक्य वीस वर्षं अंगठे घासलेल्या माणसाचं आहे, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. आव्हान हा गेमच्या अंगी असलेला, किलोत मोजता येणारा गुण नव्हे. तो गेम आणि खेळणारा यांच्यामध्ये असतो.

एकदा चालणं साधल्यावर मात्र आई माझ्यापेक्षा फार चांगली खेळली. मी कागद भराभर चाळले होते. तिने केटीच्या वडिलांच्या टेबलावरची पत्रं पुन्हा पुन्हा वाचली, आणि त्या घरातल्या बाईचं नवऱ्याशी काहीतरी बिनसलंय हे माझ्या कितीतरी आधी ओळखलं. न्हाणीघरात टबमध्ये लाल डाग दिसतात. आईचा हात एकदम कंट्रोलरवरून सुटला. जवळ केसांच्या रंगाची बाटली दिसली तेव्हा ती मोठ्याने हसली, आणि मग बराच वेळ त्या टबाशीच उभी राहिली. लक्ष देणं हेही काम आहे, आणि तेही चांगलं किंवा वाईट करता येतं. गेमने तिच्याकडून ते काम मागितलं होतं.

आता उलट बाजू, कारण गोष्टवाल्यांचंही सगळं सोडून देता येत नाही. मोठ्या खर्चाचे अनेक गेम गोष्टीच्या जोरावर विकले जातात, आणि त्यांत गोष्ट व खेळणं एकमेकांना ओळखतही नाहीत. चित्रफीत चालू होते, आपण कंट्रोलर मांडीवर ठेवतो, पात्रं छान बोलतात, रडतात. चित्रफीत संपली की आपण शंभर माणसं मारतो. मग पुन्हा चित्रफीत. २००७ साली 'बायोशॉक'बद्दल लिहिताना क्लिंट हॉकिंग या डिझायनरने या विसंगतीला नाव दिलं, आणि ते गेमच्या चर्चेत कायमचं रुजलं: लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स, खेळ एक सांगतो आणि गोष्ट दुसरंच. 'अनचार्टेड' मालिकेचा नायक हसतमुख, मनमिळाऊ, आणि वाटेत शेकडो मुडदे पाडणारा. मालिकेच्या चौथ्या गेममध्ये हजार शत्रू मारले की जी ट्रॉफी मिळते तिचं नावच करणाऱ्यांनी 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' ठेवलं आहे. दुखणं ओळखून त्याला नाव देणं आणि ते बरं करणं यांत फरक आहे, आणि एवढे कुशल लोक पहिल्यावरच थांबले याचं मला वाईट वाटतं.

'द लास्ट ऑफ अस'ची गोष्ट २०२३ मध्ये टीव्ही मालिका होऊन आली. मालिका चांगलीच आहे. शेवटी रुग्णालयात नायक जोएल त्याच्यासोबतच्या मुलीला सोडवायला शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो, आणि मालिकेत आपण त्याला शल्यविशारदावर गोळी झाडताना पाहतो. २०१३ च्या गेममध्ये मात्र खोलीत शिरल्यावर सगळं थांबतं. डॉक्टर समोर उभा असतो आणि कुणी काही करत नाही. तुम्ही काही करेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. नेम धरायला काहीच लागत नाही, लहान मूलही धरेल. पर्यायही नसतो. असतं ते फक्त बटण, आणि ते तुम्ही दाबायचं असतं. मी तिथे किती वेळ खोलीत उगाच फिरत राहिलो ते आठवतं. सगळ्या गेममधल्या कठीण लढाया मी विसरलो आहे.

हा भार आपोआप येत नाही, तो रचावा लागतो. तो सर्वांत काटेकोरपणे रचलेला मी लुकस पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये पाहिला. हाही २०१३ चाच. तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे तपासनीस. खिडकीपाशी माणूस येतो, कागद सरकवतो. पारपत्रावरची तारीख, फोटो, शिक्का, गावाचं नाव जुळवायचं आणि हिरवा किंवा लाल ठसा मारायचा. माणशी पाच क्रेडिट मिळतात. संध्याकाळी भाडं, जेवण आणि घर गरम ठेवायचा खर्च. नियम रोज बदलतात, वेळ पुरत नाही. हे आव्हान झालं, आणि चांगलंच अवघड. एके दिवशी एक नवरा येतो. कागद चोख. जाता जाता सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते, तिच्याकडे एक परवाना नाही. तिला सोडलं तर चूक नोंदली जाते. पहिल्या दोन चुका माफ, मग दंड. आज आधीच दोन झाल्या असतील तर? घरी मुलगा आजारी असेल तर? इथे अवघडपणा काढून टाकला तर दया दाखवणं फुकट होतं, आणि फुकटच्या दयेला काही किंमत नसते. डार्क सोल्ससारखंच इथेही आव्हान आणि गोष्ट वेगळी काढता येत नाहीत. फरक इतकाच की हे सगळं टेबलापाशी बसून, ठसे मारत घडतं.

मग ज्याला अवघड झेपत नाही त्याने काय करावं? २०१९ साली 'सेकिरो' हा फार अवघड गेम आला तेव्हा यावर जोरदार भांडण झालं. सोपी वाट द्यावी की नाही? मला हरिश्चंद्रगड आठवतो. नळीच्या अवघड वाटेने चढलेला माणूस आणि पाचनईहून सोप्या वाटेने गेलेला माणूस एकाच कोकणकड्यावर पोचतात. नळीवाला म्हणतो, आम्ही कडा कमावला, आणि त्याचं खोटं नाही. त्याच्या गुडघ्यांना ते माहीत असतं. पण पाचनईची वाट बंद करा असं म्हणणारा गिर्यारोहक मला अजून भेटलेला नाही. 'सेलेस्त' हा २०१८ चा गेम डोंगर चढण्याचाच आहे. मॅडलिन ही मुलगी स्वतःच्या चिंतेशी झगडत चढते. उड्या अतिशय अवघड आहेत आणि शेकड्यांनी मरावं लागतं. तरीही करणाऱ्यांनी त्यात एक सोय ठेवली: वेग कमी करा, दम अमर्याद करा, हवं तर मरणंच बंद करा. जिच्या हाताला संधिवात आहे तिला अर्ध्या वेगावरही तो डोंगर डोंगरच वाटतो. भार माणसागणिक बदलतो, म्हणून तराजूही बदलता यायला हवा. ज्यांना डार्क सोल्स आहे तसाच ठेवायचा आहे त्यांनी तो जरूर ठेवावा, कारण त्या गेमला काय सांगायचंय हे ते जाणतात. पण तो हक्क त्यांना त्या गेमपुरता मिळतो. सगळ्या गेमच्या दारात पहारा बसवायचा परवाना त्यातून मिळत नाही.

आपल्याकडचं पाहू. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला. राजी आपल्या गोलू या भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते. त्यातल्या सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रसंग आणि भिंतींवरची चित्रं पाहताना आपल्या मातीतल्या गोष्टी या माध्यमात किती सहज उतरू शकतात याची खात्री पटते. लढाया मात्र मला दुसऱ्या कुठल्या तरी गेममधून आल्यासारख्या वाटल्या. गेम म्हटला की लढाई हवीच, अशा अपेक्षेचं दडपण त्यांवर दिसतं, आणि त्या दडपणापायी त्यांना जे खरंच सुंदर जमलं होतं त्याची जागा आक्रसली. त्याच्या तीन वर्षांनंतर टोरांटोतल्या एका छोट्या चमूचा 'वेनबा' आला. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ बाईची गोष्ट. तिच्या आईची पाककृतींची वही फाटकी, डागाळलेली, आणि पुसल्या गेलेल्या पायऱ्या आपण ओळखायच्या. पहिलीच पाककृती इडलीची. चुकलात तर पुन्हा करा. कोडी सोपी आहेत. पण ज्यांच्या घरी आजीच्या वहीत प्रमाणाच्या जागी 'अंदाजाने' एवढंच लिहिलेलं आहे, त्यांना तो अंदाज हाताने शोधणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिथे तलवार असती तर सगळंच बिघडलं असतं. आपल्या भाषेत उद्या कुणी गेम करणार असेल, आणि करावाच, तर त्याने लढाई ठेवायची की नाही याआधी खेळणाऱ्याच्या हातांना काय काम द्यायचं हे ठरवावं, असं मला फार मनापासून वाटतं.

गॉन होम संपवायला साधारण दोन तास लागतात. आईला चार संध्याकाळी लागल्या. त्या घरात अगदी वर माळा आहे आणि त्याच्या झडपेभोवती लाल दिवे लावलेले आहेत. तोवर वाचलेल्या धाकटीच्या नोंदी उदास होत गेलेल्या असतात. माळ्याची किल्ली मिळाल्यावर आई सरळ तिथे आली नाही. आधी पाहून झालेल्या खोल्यांतून उगाच एक चक्कर मारून आली, स्वयंपाकघरातला दिवा मालवला. मग शिडीखाली येऊन थांबली. चालणं तिला आता पाणी पिण्याइतकं सोपं झालं होतं. वर कुणी दबा धरून बसलेलं नाही हेही तिला ठाऊक होतं.

"तू जा वर," ती म्हणाली आणि कंट्रोलर माझ्यापुढे धरला. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी तो घेतला नाही. टीव्हीतून पावसाचा आवाज येत होता. तिने चष्मा पुसला, कंट्रोलर मांडीवर नीट धरला, आणि डावा अंगठा अगदी हळू पुढे सरकवला.